कुठल्या जंतूला कोणतं उत्तर : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी आमच्या प्रयोगशाळेतल्या कामाविषयी लिहिलं होतं. शरीरातल्या भक्षक पेशी जिवाणूंना आणि परजीवींना कशा सामोऱ्या जातात, आणि एक संसर्ग झालेला असताना दुसऱ्या संसर्गापुढे शरीर दुबळं का पडतं, हा त्या लेखाचा विषय होता. त्यावर बरीच पत्रं आली. सगळी घेणं शक्य नाही. जे प्रश्न वेगवेगळ्या पत्रांतून पुन्हा पुन्हा आले आणि ज्यांची उत्तरं द्यायला मला मनापासून आवडेल, ते निवडले आहेत. ज्यांनी आपले रक्ततपासणीचे रिपोर्ट पाठवले त्यांना एवढंच सांगते, की मी रुग्ण तपासत नाही. ते कागद तुमच्या डॉक्टरांनाच दाखवा.

प्रश्न : मॅडम, मी जीवशास्त्राचा निवृत्त शिक्षक. जिवाणूला धड केंद्रकही नसतं. परजीवी म्हणजे केंद्रक असलेले एकपेशीय जीव, नाहीतर थेट वीतभर लांबीचे कृमी. आयुष्यभर आम्ही हे दोन वेगळ्या धड्यांत शिकवलं. तुम्ही दोन्हींवर एकत्र काम कसं करता?

उत्तर : सर, धडे वेगळे पडले ते जंतूच्या बाजूने पाहिलं म्हणून. आम्ही शरीराच्या बाजूने पाहतो. क्षयाचा जिवाणू, विषमज्वराच्या कुळातला साल्मोनेला आणि काळ्या आजाराचा परजीवी लेश्मानिया यांचं एकमेकांशी काहीही नातं नाही. पण तिघंही शेवटी एकाच ठिकाणी मुक्काम ठोकतात : मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशीत. जी पेशी जंतूंना गिळून संपवते, तिच्याच पोटात.

या गोष्टीचा सर्वांत सुंदर पुरावा उंदरांमधून मिळाला आणि तो सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. १९७० च्या दशकात डेव्हिड ब्रॅडली यांनी उंदरांच्या वेगवेगळ्या वाणांना काळ्या आजाराचा परजीवी टोचला. काही वाणांच्या यकृतात परजीवी भराभर वाढले, काहींच्यात वाढलेच नाहीत. मधलं काही नाही. पिढ्यांचा संकर करून पाहिल्यावर हा फरक एकाच जनुकामुळे पडतो असं दिसलं. त्या जनुकाला त्यांनी ‘एलएसएच’ नाव दिलं. साधारण त्याच काळात प्लांट आणि ग्लिन साल्मोनेलावर काम करत होते. त्यांनाही एक जनुक सापडलं, त्याचं नाव ‘आयटीवाय’. पुढे मॉन्ट्रियलच्या गटाने क्षयाविरुद्धच्या बीसीजी लशीतल्या जिवाणूबाबत असंच एक जनुक शोधलं, त्याचं नाव ‘बीसीजी’. तीन गट, तीन जंतू, तीन नावं. मग गुणसूत्रावरच्या जागा तपासल्या तर तिन्ही पहिल्या गुणसूत्रावर, एकाच ठिकाणी. १९९३ मध्ये फिलिप ग्रो यांच्या गटाने ते जनुक वेगळं काढलं, आणि तिन्ही नावं एकाच जनुकाची ठरली. आज आम्ही त्याला एनरॅम्प-१ म्हणतो.

हे जनुक करतं काय? मॅक्रोफेज जंतूला गिळते तेव्हा त्याच्याभोवती पटलाची एक पिशवी तयार होते. एनरॅम्प-१ चं प्रथिन त्या पिशवीच्या पटलात बसतं आणि आतलं लोह आणि मँगनीज बाहेर काढत राहतं. हे धातू मिळाले नाहीत तर जिवाणू असो की परजीवी, त्याची विकरं (एन्झाइम्स) चालत नाहीत आणि वाढ खुंटते. संवेदनशील उंदरांमध्ये या प्रथिनातलं १६९ व्या जागेवरचं एकच अमिनो आम्ल बदललेलं असतं, ग्लायसिनच्या जागी ॲस्पार्टिक आम्ल. एवढ्या एका फरकावर तीन आजारांचं भवितव्य ठरतं. म्हणून सर, आमच्याकडे एका इन्क्युबेटरमध्ये साल्मोनेला असतो, शेजारच्यात लेश्मानिया, आणि दोन्हीकडे पेशी मात्र त्याच.

प्रश्न : मी बी.एस्सी.ला आहे. भक्षक पेशीने जंतूला गिळलं म्हणजे तो संपायला हवा. मग हे जंतू आत जगतात कसे?

उत्तर : माझ्या मते या संपूर्ण विषयातला हा सर्वांत मोलाचा प्रश्न आहे, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते.

गिळल्यानंतर ती पिशवी हळूहळू आम्लधर्मी होते आणि लायसोसोम नावाच्या दुसऱ्या पिशव्या तिला येऊन मिळतात. लायसोसोममध्ये पचवणारी विकरं असतात. बहुतेक जिवाणू इथे खलास होतात. क्षयाचा जिवाणू ही जोडणीच होऊ देत नाही. १९७१ मध्ये आर्मस्ट्राँग आणि हार्ट यांनी हे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं. फेरिटिन या लोहयुक्त प्रथिनाचे काळे ठिपके त्यांनी आधी लायसोसोममध्ये भरून ठेवले आणि मग पेशींना क्षयाचे जिवाणू खायला घातले. मेलेले जिवाणू असलेल्या पिशव्यांमध्ये काळे ठिपके उतरले होते. जिवंत जिवाणूंच्या बहुतेक पिशव्या स्वच्छ होत्या. जिवाणू जिवंत असेल तरच जोडणी थांबते, हे त्या चित्रांतून सरळ दिसतं. विद्यार्थ्यांना मी ती चित्रं आवर्जून दाखवते.

लिस्टेरिया हा जिवाणू पिशवीत थांबतच नाही. तो लिस्टेरिओलायसिन नावाचं प्रथिन सोडून पिशवीला भोक पाडतो आणि पेशीच्या आतल्या द्रवात येतो. तिथे पेशीचंच ॲक्टिन हे प्रथिन वापरून स्वतःच्या मागे शेपूट उभारतो आणि तिच्या जोरावर थेट शेजारच्या पेशीत घुसतो. पेशीबाहेर तो येतच नाही. त्यामुळे रक्तातल्या अँटीबॉडींना तो सापडत नाही.

लेश्मानियाचा मार्ग तिसराच. तो जोडणी अडवत नाही आणि पळूनही जात नाही. आम्ल आणि विकरं असलेल्या त्या पिशवीतच राहतो आणि वाढतो. हे पाहायला फार महागडं यंत्र लागत नाही. उंदराच्या मांडीच्या हाडातली अस्थिमज्जा सिरिंजने धुवून काढायची, आठवडाभर योग्य द्रवात वाढवायची, म्हणजे मॅक्रोफेज तयार होतात. त्यांना परजीवी द्यायचे, दोन दिवसांनी गिम्सा रंग द्यायचा आणि तेलाच्या भिंगाखाली पाहायचं. मोठ्या फिकट निळ्या पेशीत दोन-चार मायक्रॉनचे लंबगोल जीव दाटीवाटीने बसलेले दिसतात. प्रत्येकात दोन जांभळे ठिपके, एक मोठा गोल आणि एक बारीक काडीसारखा. गोल ते केंद्रक. काडी म्हणजे कायनेटोप्लास्ट, त्याच्या मायटोकॉन्ड्रियातल्या डीएनएचा गोळा. दोन्ही दिसल्याशिवाय ‘हा लेश्मानिया’ असं म्हणायचं नाही, हे माझ्याकडे नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी सांगते.

मग ही पेशी त्याला मारते कधी? तिला टी-पेशींकडून, म्हणजे प्रतिकाराला दिशा देणाऱ्या पांढऱ्या पेशींकडून, निरोप मिळाल्यावर. त्या निरोपाचं नाव इंटरफेरॉन गॅमा. तो मिळाला की मॅक्रोफेज आर्जिनिन हे अमिनो आम्ल वापरून नायट्रिक ऑक्साइड वायू बनवते आणि परजीवी मरतो. पण टी-पेशींनी इंटरल्यूकिन-४ हा दुसरा निरोप पाठवला, तर तीच पेशी त्याच आर्जिनिनवर आर्जिनेज हे वेगळं विकर चालवते. त्यातून ऑर्निथिन आणि पुढे पॉलिअमाइन तयार होतात, आणि ती तर परजीवीला वाढीसाठी हवीच असतात. पेशी तीच, कच्चा माल तोच. एका निरोपाने जंतू मरतो, दुसऱ्याने पोसला जातो.

प्रश्न : ताई, माझा चार वर्षांचा मुलगा सारखा आजारी पडतो. रोगप्रतिकारशक्ती वाढवण्यासाठी त्याला काय द्यावं? बाजारात इतकी सिरप आणि पावडरी आहेत.

उत्तर : तुमची काळजी मला कळते. या वयात सर्दी, खोकला, ताप वारंवार होतात, कारण त्याचं शरीर प्रत्येक विषाणूला पहिल्यांदा भेटत असतं. वजन नीट वाढत असेल, मूल खेळतं असेल, तर बहुतेक वेळा घाबरायचं कारण नसतं. न्यूमोनिया पुन्हा पुन्हा होत असेल, गळवं होत असतील किंवा वजन थांबलं असेल, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना नक्की दाखवा. प्रतिकारशक्तीच्या जन्मजात उणिवा असतात आणि त्या तपासता येतात.

आता सिरपविषयी. प्रतिकारशक्ती ही कमी-जास्त करायची एकच गोष्ट आहे, हे गृहीतच मला मान्य नाही. वर ज्या उंदरांचा उल्लेख केला त्यांच्यातला एक वाण काळ्या रंगाचा आहे, प्रयोगशाळेत त्याला सगळे ‘ब्लॅक सिक्स’ म्हणतात. त्याच्या कातडीत लेश्मानिया मेजर हा परजीवी टोचला तर जखम होते, वाढते आणि काही आठवड्यांत भरून येते. ‘बॅल्ब-सी’ या पांढऱ्या वाणात तीच जखम वाढत जाते, परजीवी अंगभर पसरतात आणि उंदीर मरतो. इथपर्यंत वाचलं की ब्लॅक सिक्सची प्रतिकारशक्ती जोरदार आहे असं कुणीही म्हणेल. पण याच ब्लॅक सिक्सचं एनरॅम्प-१ बिघडलेलं असतं. त्याला साल्मोनेला टोचला तर तो काही दिवसांतच दगावतो. आता हा उंदीर सशक्त म्हणायचा की अशक्त?

माणसातलं उदाहरण कुष्ठरोगाचं. एकाच जिवाणूमुळे होणाऱ्या या आजाराची दोन टोकं आहेत. एका टोकाच्या रुग्णांमध्ये टी-पेशी मॅक्रोफेजना जागं करतात. कातडीत जिवाणू शोधूनही मुश्किलीने सापडतात. दुसऱ्या टोकाच्या रुग्णांच्या रक्तात अँटीबॉडी भरपूर असतात, आणि तरीही कातडी जिवाणूंनी भरलेली असते, कारण पेशीच्या आत बसलेल्या जंतूपर्यंत अँटीबॉडी पोचत नाहीत. भरपूर आहे, पण चुकीच्या प्रकारचं आहे. आणि पहिल्या टोकालाही सगळं आलबेल नसतं. तिथे जिवाणूंवर तुटून पडणाऱ्या पेशीच मज्जातंतूंचं नुकसान करतात.

उलट बाजूने पाहायचं तर संधिवातासाठी टीएनएफ हा दाह वाढवणारा रेणू अडवणारी औषधं आली. सांधे खरोखर सुधारले. पण काही रुग्णांमध्ये वर्षानुवर्षं निपचित असलेला क्षय उसळला, आणि २००१ मध्ये याची नोंद वैद्यकीय जगतासमोर आली. क्षयाच्या जिवाणूंना गाठीत कोंडून ठेवायला हाच टीएनएफ लागतो. आता ही औषधं सुरू करण्याआधी सुप्त क्षयाची तपासणी करतात.

तुमच्या मुलासाठी खरोखर उपयोगाच्या गोष्टी साध्या आहेत. सगळ्या लसी वेळेवर, पुरेसं पोषण, पुरेशी झोप, स्वच्छ पाणी. कुपोषणाने आणि ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने प्रतिकार नक्की ढासळतो, आणि ती कमतरता असेल तर भरून काढलीच पाहिजे. कमतरता नसताना वरून ओतलेल्या पावडरीने टी-पेशींना योग्य निरोप निवडता येत नाही. कोणतंही सिरप मी सुचवणार नाही.

प्रश्न : गोवर एकदा झाला की पुन्हा होत नाही. मग मलेरिया पुन्हा पुन्हा का होतो? आणि लस यायला इतका उशीर का लागला?

उत्तर : मलेरियाविरुद्ध प्रतिकार तयार होतो, पण तो सावकाश येतो आणि अर्धवट राहतो. मलेरियाचा सतत सुळसुळाट असलेल्या प्रदेशात लहान मुलं दगावतात आणि मोठी माणसं रक्तात परजीवी घेऊन कामावर जातात. १९६१ मध्ये कोहेन, मॅकग्रेगर आणि कॅरिंग्टन यांनी गांबियातल्या प्रौढांच्या रक्तातल्या अँटीबॉडी वेगळ्या काढून मलेरियाने आजारी असलेल्या मुलांना दिल्या. मुलांच्या रक्तातले परजीवी झपाट्याने उतरले. म्हणजे काम करणाऱ्या अँटीबॉडी आहेत; त्या मिळवायला वर्षं लागतात.

वर्षं का लागतात, तर परजीवी चेहरा बदलतो. फाल्सिपेरम मलेरियाचा परजीवी ज्या लाल पेशीत राहतो, तिच्या पृष्ठभागावर एक प्रथिन मांडतो. त्यामुळे ती पेशी बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीला चिकटते आणि प्लीहेकडे वाहून जात नाही. या प्रथिनाची सुमारे ६० जनुकं त्याच्याकडे असतात, पण एका वेळी तो एकच वापरतो. शरीर त्या एकाविरुद्ध अँटीबॉडी बनवेपर्यंत काही परजीवींनी दुसरं जनुक चालू केलेलं असतं. आफ्रिकेतल्या निद्रारोगाचा ट्रिपॅनोसोम याहून पुढचा. त्याच्या अंगावर एकाच प्रथिनाचे सुमारे एक कोटी रेणू दाटीने बसलेले असतात, आणि बदलण्यासाठी जनुकांचा साठा हजाराच्या पुढे.

म्हणून लस बनवणाऱ्यांनी वेगळी जागा निवडली. डास चावल्यानंतर परजीवी यकृतात शिरण्याआधी थोडाच काळ रक्तात असतो. त्या अवस्थेत त्याच्या अंगावरचं प्रथिन बरंच स्थिर असतं. आरटीएस,एस ही लस त्याच प्रथिनावर आधारलेली आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेने ती २०२१ मध्ये मुलांसाठी सुचवली. २०२३ मध्ये आर-२१ ही दुसरी लस आली. दोन्हींचं संरक्षण पूर्ण नाही आणि काळाने ते उतरतं. तरी मी या लसींची खंबीर समर्थक आहे. ज्या आजारात निसर्गतःही पूर्ण प्रतिकार मिळत नाही, तिथे निम्मी आजारपणं टळली तरी असंख्य मुलं वाचतात.

प्रश्न : पोटात जंत असले तर ॲलर्जी आणि दमा होत नाही असं वाचलं. जंतांची अंडी मुद्दाम घेण्याचे उपचारही आहेत म्हणे. खरं का?

उत्तर : अंडी घेऊ नका.

मागचं विज्ञान मात्र खरं आहे. जंत भक्षक पेशीला गिळता येत नाही, तो तिच्या हजारो पट मोठा असतो. म्हणून शरीर त्याच्यासाठी वेगळीच व्यवस्था लावतं. आतड्याच्या अस्तरातल्या टफ्ट पेशींना जंताची चाहूल लागते, त्या इंटरल्यूकिन-२५ सोडतात, मग इंटरल्यूकिन-१३ वाढतं, आतड्यातला चिकट स्राव वाढतो, आतडं जोराने आकुंचन पावतं आणि जंत बाहेर ढकलला जातो. मारण्यापेक्षा हाकलण्यावर भर. टफ्ट पेशींचं हे काम २०१६ मध्ये उजेडात आलं. तोवर या पेशी सगळ्यांनी पाहिल्या होत्या, पण त्या कशासाठी आहेत ते कुणाला नीट सांगता येत नव्हतं.

यावर जंतांनीही उतारा शोधला आहे. ते असे रेणू सोडतात की प्रतिसाद आवरणाऱ्या नियामक टी-पेशी वाढतात. त्याचा परिणाम म्हणून इतर दाहही शांत होतो. उंदरांमध्ये हे अनेकदा दिसलं आहे. पण क्रोन या आतड्याच्या आजारात डुकरातल्या व्हिपवर्म या जंताची अंडी देऊन केलेल्या मोठ्या चाचण्यांत प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या खोट्या मात्रेपेक्षा, जास्त गुण दिसला नाही. आणि हुकवर्मसारखे जंत रक्त शोषतात, ॲनिमिया करतात, मुलांची वाढ खुंटवतात. जंतांच्या त्या रेणूंमधून कधीतरी औषध निघेल अशी मला आशा आहे. जंतनाशक गोळीला पर्याय म्हणून जंताकडे पाहू नका.

प्रश्न : उंदरांवरचे निष्कर्ष माणसाला कितपत लागू होतात? आणि इतक्या प्राण्यांचा जीव घेणं तुम्हाला पटतं का?

उत्तर : काही तंतोतंत लागू होतात, काही अजिबात नाही, आणि कोणते कुठल्या गटातले हे आधी सांगता येत नाही. इंटरफेरॉन गॅमाचं महत्त्व उंदरात आधी कळलं. पुढे ज्या मुलांमध्ये त्याचा निरोप घेणारी जनुकं जन्मतः बिघडलेली असतात अशी कुटुंबं सापडली. त्या मुलांना बीसीजी लशीतल्या दुबळ्या जिवाणूमुळेही गंभीर आजार होतो. इथे उंदीर आणि माणूस जुळले. याउलट टोक्सोप्लाझ्मा या परजीवीला उंदराचं शरीर टीएलआर-११ या ग्राहीने (रिसेप्टरने) ओळखतं. माणसात त्या ग्राहीचं जनुक मोडून पडलेलं आहे. आपण त्याला दुसऱ्या वाटेने ओळखतो.

प्रयोग कसा केला यावरही बरंच अवलंबून असतं. लेश्मानिया आम्ही वर्षानुवर्षं सुईने टोचत आलो. निसर्गात तो वाळूमाशीच्या चाव्यातून येतो. २००८ मध्ये जिवंत उंदराच्या कानावर वाळूमाशी चावू दिली आणि सूक्ष्मदर्शकाने पाहिलं, तर चावलेल्या जागी न्यूट्रोफिल या पांढऱ्या भक्षक पेशींची झुंबड उडालेली आणि परजीवींना त्यांनीच आधी गिळलेलं. न्यूट्रोफिल काढून टाकल्यावर संसर्ग वाढायला हवा होता, पण तो कमी झाला. परजीवीला त्या पेशींचा फायदाच होत होता.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला उडवून लावणं मला कधीच जमणार नाही. प्रत्येक प्रयोग नैतिकता समितीपुढे जातो, किती उंदीर आणि का, हे लिहून द्यावं लागतं, वेदना कशी टाळणार तेही. जे माणसाच्या रक्तातून काढलेल्या पेशींवर तपासता येतं ते आम्ही तिथेच तपासतो. पण यकृत, प्लीहा, आतडं आणि अस्थिमज्जा यांच्यात काय बोलणं चालतं हे डबीतल्या पेशी सांगत नाहीत. तेवढ्यासाठी प्राणी लागतात, असं मला आजही वाटतं.

प्रश्न : मी डॉक्टर आहे. गंभीर मलेरियाच्या मुलांमध्ये रक्तात साल्मोनेला सापडतो, हे वाचून आहे. तुमच्या लेखात तुम्ही याचा ओझरता उल्लेख केलात. कारण काय?

उत्तर : डॉक्टर, हाच माझ्या कामाचा गाभा आहे.

आधी हे दोन आजार नुसते एकत्र दिसतात की एक दुसऱ्याला वाट करून देतो, हे ठरवायला हवं होतं. केनियातल्या किलिफीच्या संशोधकांनी यासाठी सिकल सेल या लाल पेशींच्या आनुवंशिक आजाराच्या वाहक मुलांकडे पाहिलं. सिकल सेलचं एकच जनुक असलेली मुलं आजारी नसतात, पण मलेरियापासून त्यांचं बरंच रक्षण होतं. जिवाणूंपासून या जनुकाने रक्षण होण्याचं काही कारण नाही. तरीही मलेरिया जोरात असतानाच्या वर्षांत या मुलांच्या रक्तात जिवाणूसंसर्गही कमी सापडला. पुढे त्या भागातला मलेरिया ओसरला, तसा हा फायदाही मावळला. हा अभ्यास २०११ चा. प्रयोग न करता कार्यकारणभाव दाखवण्याची ही रीत मला विलक्षण वाटते.

यंत्रणेचा मोठा धागा त्याच वर्षी ऑब्री कनिंग्टन, एलेनॉर रायली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाती दिला. मलेरियात लाल पेशी फुटतात आणि हीम, म्हणजे हिमोग्लोबिनमधला लोहयुक्त भाग, मोकळं होतं. मोकळं हीम पेशींना विषारी असतं, म्हणून शरीर हीम ऑक्सिजनेज-१ हे विकर वाढवून त्याचे तुकडे करतं. ऊती वाचवण्यासाठी हे आवश्यकच आहे. पण अस्थिमज्जेत तयार होत असलेल्या न्यूट्रोफिलमध्येही हे विकर वाढतं आणि त्यांची ऑक्सिजनचे मारक रेणू बनवण्याची क्षमता घटते. अशा न्यूट्रोफिल रक्तात येतात, मोजणीत भरतात, साल्मोनेलाला गिळतातही. मारू शकत नाहीत. उंदरांमध्ये हे विकर औषधाने रोखलं तेव्हा साल्मोनेलाविरुद्धचा प्रतिकार परतला.

म्हणून या रुग्णांमध्ये नुसत्या पांढऱ्या पेशींच्या आकड्यावर विसंबू नका. पेशी आहेत, यावरून त्या काम करतात असं ठरत नाही. गंभीर मलेरियाच्या मुलांना मलेरियाच्या औषधासोबत प्रतिजैविकही सुरू करावं, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे, आणि त्यामागचं कारण आता पेशीच्या पातळीवर समजतं. हे विकर रोखणारं औषध मात्र रुग्णांत वापरायचा विचारही आज करता येत नाही, कारण हीमच्या विषापासून मुलाला तेच वाचवत असतं. आम्ही सध्या शोधतो आहोत ते हे, की मलेरिया उतरल्यानंतर अस्थिमज्जेतून निघणाऱ्या नव्या न्यूट्रोफिल कधी पूर्ववत होतात. तोवर मूल धोक्यात असतं.

प्रश्न : हत्तीरोगाच्या जंतावर अँटिबायोटिक चालतं असं एका ठिकाणी वाचलं. जंतावर जिवाणूचं औषध कसं चालेल? छापण्यात चूक आहे का?

उत्तर : चूक नाही. हत्तीरोगाच्या कृमीच्या पेशींमध्ये वोल्बाकिया नावाचा जिवाणू राहतो, आणि त्याच्याशिवाय कृमीला नीट जगता येत नाही, पिलं घालता येत नाहीत. डॉक्सिसायक्लिनने हा जिवाणू मेला की मादी वांझ होते आणि पूर्ण वाढलेला कृमीही हळूहळू मरतो.

याच्याशी जोडलेली दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. नदीकाठच्या काळ्या माश्यांमुळे पसरणारा ऑन्कोसर्का हा अशाच कुळातला कृमी आहे आणि त्याच्यामुळे माणसं आंधळी होतात. त्याची सूक्ष्म पिलं डोळ्यात मरतात, वोल्बाकिया बाहेर पडतो आणि शरीराचा दाह उसळतो. डोळ्याचं पारपटल (कॉर्निया) धूसर होतं ते मुख्यतः या दाहामुळे. २००२ मध्ये उंदरांच्या डोळ्यांवरच्या प्रयोगांत वोल्बाकिया काढून टाकलेल्या कृमीच्या अर्काने असा दाह फारसा झाला नाही. परजीवीचा आजार म्हणून शिकवला जाणारा हा रोग बऱ्याच अंशी जिवाणूविरुद्धच्या प्रतिसादाचा आहे.

उपचार म्हणून डॉक्सिसायक्लिनची अडचण म्हणजे ते चार ते सहा आठवडे रोज घ्यावं लागतं, आणि गरोदर स्त्रियांना व लहान मुलांना ते देत नाहीत. त्यामुळे सगळ्या गावाला एका दिवशी गोळ्या वाटण्याच्या मोहिमेत ते बसत नाही. तिथे इतर औषधं वापरतात. कमी दिवसांत वोल्बाकियाला संपवेल अशा औषधाचा शोध सुरू आहे.